रायफलच्या पुंगळ्या रिसाइज करताना डाय नक्की किती खाली घ्यायची

रीलोडिंगची, म्हणजे उडालेली पुंगळी परत भरण्याआधी मापात आणायची, नवी डाय (पोलादी साचा) घेतली की डब्यात एक चिठ्ठी येते. त्यात साधारण असं लिहिलेलं असतं की प्रेसचा रॅम (वरखाली होणारा दांडा) पूर्ण वर घ्या, डाय शेल होल्डरला (रॅमवर पुंगळीचं बूड धरणारा तुकडा) टेकेपर्यंत फिरवा, मग अजून एक-अष्टमांश ते पाव फेरा खाली घ्या, झालं सेटिंग. बरेच जण वर्षानुवर्षं तसंच करतात आणि गोळ्या उडतातही, काही प्रॉब्लेम नाही, आणि मग चार-पाच वेळा वापरलेली पुंगळी एक दिवस बुडाच्या थोडं वर तुटते, बूड बाहेर येतं आणि वरचा भाग चेंबरमध्येच (नळीतल्या काडतुसाच्या जागेतच) अडकून बसतो. शिव्या ब्रासच्या (पितळी पुंगळ्यांच्या) कंपनीला पडतात. बहुतेक वेळा ब्रासचा काहीही दोष नसतो, दोष डायच्या सेटिंगचा असतो. चिठ्ठी चूक आहे असं नाही म्हणत मी, तिला जगातल्या प्रत्येक .३०८ रायफलमध्ये जाईल अशी पुंगळी बनवून द्यायचीय, तुम्हाला मात्र फक्त तुमच्या एका रायफलमध्ये नीट बसेल अशी हवीय. या दोन गोष्टींत जो फरक आहे तो मोजता येतो, आणि तो मोजला की बाकी सगळं सोपं आहे.

आधी कायद्याचं बोलून घेतो कारण गावाकडून विचारणारे खूप असतात. मी लिहितोय ते अमेरिकेतल्या परिस्थितीवर. इथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं रीलोड करायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायला बनवलीत तर लागतं, आणि राज्याचे-शहराचे नियम वेगळे असू शकतात ते ज्याचे त्याने बघावे. भारतात हे घरी करायचा विचारसुद्धा करू नका. १९५९ च्या आर्म्स ॲक्टमधली 'ॲम्युनिशन'ची व्याख्याच एवढी रुंद आहे की काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची मशिनरीसुद्धा तिच्यात येते, आणि लायसन्सशिवाय उत्पादन हा सरळ गुन्हा आहे. पुण्याचा किंवा नागपूरचा कोणी रायफल शूटर हे वाचत असेल तर फक्त माहिती म्हणून वाचा. पावडर किती, कुठली, हा विषयही इथे नाहीये, ते छापील लोड मॅन्युअलमधूनच घ्यायचं. आपण फक्त पितळेवर बोलतोय.

उदाहरण सगळीकडे .३०८ विंचेस्टरचं घेतो. १९५२ सालचं काडतूस, बोल्ट ॲक्शन रायफल, माझ्याकडे तेच आहे आणि आकडे तोंडपाठ आहेत. .२२३ किंवा ६.५ क्रीडमूर असेल तर पद्धत तीच, आकडे वेगळे.

मुळात रिसाइज का करावं लागतं

काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. गोळी सुटते तेव्हा आतला दाब .३०८ मध्ये दर चौरस इंचाला ६२,००० पाउंडांपर्यंत जाऊ शकतो (ही वरची मर्यादा आहे, टार्गेट नाही), त्या दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला सगळीकडून चिकटते, गॅस मागे येत नाही, आणि दाब उतरला की पितळ थोडंसं आकसतं. थोडंसंच. म्हणजे बाहेर आलेली पुंगळी ही जवळपास तुमच्या चेंबरचा साचा असते. नेक (बुलेट धरणारं वरचं अरुंद तोंड) मोठी झालेली असते, त्यामुळे नवी बुलेट तिच्यात ढिली बसेल, बॉडी जाड झालेली असते, आणि शोल्डर (नेकच्या खालचा उतार) पुढे गेलेला असतो. डायचं काम हे तिन्ही परत आत आणणं.

आता तुटण्याची गोष्ट. .३०८ सारख्या बाटलीच्या आकाराच्या काडतुसात हेडस्पेस शोल्डरवर ठरतो, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून शोल्डरवरच्या एका ठरावीक व्यासाच्या जागेपर्यंतचं अंतर. .३०८ साठी तो व्यास .४०० इंच. चेंबरचं हे अंतर तपासायचे गेज असतात, गो १.६३० इंच, नो-गो १.६३४, फील्ड १.६३८. समजा तुमचं चेंबर १.६३३ आहे आणि तुमच्या डायने शोल्डर १.६२५ पर्यंत मागे ढकलला, तर ८ थाउची (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोकळी जागा राहिली. फायरिंग पिन पुंगळीला पुढे ढकलते, शोल्डर टेकतो, मग दाब वाढताना पातळ भिंती चेंबरला घट्ट पकडून बसतात पण बूड जाड असल्यामुळे पकडत नाही, ते मागे सरकतं, बोल्टला टेकेपर्यंत. हा सगळा ताण बुडाच्या वरच्या एका अरुंद पट्ट्यात येतो आणि तिथलं पितळ प्रत्येक वेळी थोडं पातळ होतं. तुम्ही परत ८ थाउ मागे ढकलता, ते परत ८ थाउ ताणलं जातं. अशाने किती दिवस टिकणार ते?

तेच शोल्डर फक्त २ थाउ मागे नेला असता तर पितळेला ताणायला जागाच राहिली नसती. २ थाउ म्हणजे ०.००२ इंच, मिलिमीटरमध्ये जेमतेम अर्धा दशांश, म्हणजे ०.०५. ज्यांनी कधी लेथवर काम केलंय त्यांना थाउ काय चीज आहे सांगायला नको.

काय काय लागतं

सिंगल स्टेज प्रेस, कुठल्याही चांगल्या कंपनीचा. फुल लेंथ साइझिंग डाय, शेल होल्डर (शक्यतो डायच्याच कंपनीचा, कारण उंचीत थोडाफार फरक असतो), साइझिंगचं वंगण, ०.००१ इंच दाखवणारा कॅलिपर, आणि हेडस्पेस कम्पॅरेटर. हा कम्पॅरेटर म्हणजे कॅलिपरच्या जबड्याला लावायचा एक छोटा तुकडा, त्यात भोक असतं ते शोल्डरवर बसतं. लोक प्रेसवर तीनशे डॉलर घालतात आणि इथे कंजुषी करतात. उलटं करा. साधा प्रेस आणि चांगलं मोजमाप असेल तर काम होतं, भारी प्रेस आणि अंदाजपंचे असेल तर नाही होत.

ट्रिमर, चॅम्फर-डीबर टूल, प्रायमर पॉकेटचा ब्रश (पिनच्या ठोक्याने पेटणारी बुडातली टोपी म्हणजे प्रायमर, ती बसते तो खड्डा म्हणजे पॉकेट), डोळ्यांना चष्मा. चष्मा विसरू नका.

पुंगळ्या निवडणं

सगळ्यात आधी ढीग पसरून बघायचा. बुडावरचे शिक्के बघून वेगवेगळ्या कंपन्यांचं ब्रास वेगळं करा, एका कंपनीचं जाड असतं एकाचं पातळ, आतली जागा बदलते आणि ती बदलली की दाब बदलतो. नेकला उभी चीर असेल, बुडाला काळे झोत दिसत असतील, बॉडीवर खोल खड्डा असेल तर बाजूला. रेंजवरून उचललेलं ब्रास असेल तर जरा जास्तच संशय ठेवा, कोणाच्या कसल्या चेंबरमधून किती वेळा उडालंय ते कळायला मार्ग नाही. लष्करी ७.६२ चं (.३०८ चं लष्करी भावंड) ब्रास स्वस्त मिळतं पण मशीनगनमधून उडालेलं असेल तर चांगलंच ताणलेलं असतं, शिवाय त्याचा प्रायमर क्रिम्प केलेला असतो, म्हणजे प्रायमरभोवती पितळ दाबून बसवलेलं असतं, ते नंतर रीमरने किंवा स्वेजरने काढावं लागतं नाहीतर नवा प्रायमर आत जात नाही.

एकदा टॉर्च घेऊन पुंगळीच्या आत बघा. मधोमध एकच भोक दिसलं तर ठीक, ते बॉक्सर. बाजूला दोन बारीक भोकं असतील तर ते बर्डन, ते डायमध्ये घातलंत तर डीकॅपिंग पिन (जुना प्रायमर ढकलून काढणारी) तुटणार.

आता पेपरक्लिपची टेस्ट. एक पेपरक्लिप सरळ करा, टोकाला दोन-तीन मिलिमीटरचा काटकोनात बाक द्या, टोक थोडं घासून टोकदार करा. ती पुंगळीत तळापर्यंत घालायची आणि टोक भिंतीला हलकं दाबून सावकाश वर ओढत यायचं. चांगल्या पुंगळीत टोक तळाच्या जाड भागावरून सलग घसरत वर येतं. पातळ झालेली असेल तर बुडाच्या थोडं वर टोक एका खोबणीत टक्कन अडकतं, बोटाला स्पष्ट कळतं. बाहेरून त्याच जागी कधी कधी चकचकीत गोल पट्टा दिसतो, पण बाहेरच्या पट्ट्यावर एकट्यावर विश्वास ठेवू नका, डायसुद्धा तिथे घासल्याची खूण सोडते. क्लिप अडकली की ती पुंगळी संपली, आणि त्या लॉटमधल्या एकीत सापडली तर बाकी सगळ्या तपासा कारण सगळ्यांचं वय तेच आहे.

प्रायमर काढणं आणि धुणं

मी डीकॅपिंग वेगळ्या डायने करतो, म्हणजे साइझिंगच्या डायमध्ये धूळ-माती जात नाही आणि ओरखडे येत नाहीत. प्रायमर उडालेलाच आहे ना बघून घ्या, जिवंत प्रायमर ठोकून काढायच्या भानगडीत पडू नका. उडालेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं, त्यामुळे हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर नको, मुलं घरात असतील तर अजिबातच नको, आणि नंतर हात साबणाने धुवायचे. कोरड्या टंबलरची (ब्रास घोळवून साफ करायच्या मशीनची) धूळ असते तीही तशीच, टंबलर गॅरेजमध्ये किंवा बाहेर चालवा.

धुवायला कोरडं टंबलिंग करा नाहीतर स्टीलच्या पिना घालून पाण्यातलं करा, दोन्ही चालतं. पाण्यातलं केलंत तर ब्रास सोन्यासारखं निघतं पण आत एखादी पिन राहिली नाही ना हे बघणं आणि पूर्ण वाळवणं आलं. शिवाय पार आतून चकाचक झालेली नेक एक्स्पांडर बॉलला (डायच्या दांड्यावरचा, नेक आतून मापात आणणारा गोळा) जास्त घट्ट पकडते, आत थोडी काजळी राहिलेली खरं तर बरी. ब्रास चमकवण्याच्या नादात काही जण तासन् तास घालवतात, टार्गेटला ते दिसत नाही.

आपल्या चेंबरचा आकडा काढणं

इथे घाई करू नका, सगळ्यात महत्त्वाचं हे.

तुमच्याच रायफलमधून उडालेल्या पाच-सात पुंगळ्या घ्या, प्रायमर काढलेल्या. प्रायमर काढलेला का, तर उडालेला प्रायमर कधी कधी बुडाच्या थोडा बाहेर आलेला असतो किंवा पिनच्या खड्ड्याभोवती कडा उचललेली असते आणि तेवढ्याने रीडिंग चुकतं. बूडही पुसून घ्या. कम्पॅरेटर लावून कॅलिपर शून्य करा, पुंगळी घालून हलकेच फिरवत जबडा बंद करा, दाबायचं नाही. प्रत्येकीचं रीडिंग लिहून काढा.

एकदाच उडालेलं ब्रास बऱ्याच वेळा चेंबरभर पूर्ण फुगलेलं नसतं, त्यामुळे पहिल्या वेळचं रीडिंग चेंबरपेक्षा एक-दोन थाउ कमी दाखवू शकतं. दोन-तीनदा उडालेलं असेल तर आकडा खरा मिळतो. नसेल तर सध्या आहे त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरा आणि पुढच्या वेळी परत मोजा. कम्पॅरेटरचा आकडा गेजच्या १.६३० वगैरे आकड्याशी हुबेहूब जुळेलच असं नाही, भोकाची कड कशी आहे त्यावर ते जातं, पण आपल्याला फक्त आधी आणि नंतर यातला फरक हवाय, त्यामुळे काळजी नको. मात्र तुमचा आकडा मित्राच्या आकड्याशी ताडून बघू नका.

समजा १.६३२ आला. बोल्ट ॲक्शनसाठी १ ते २ थाउ मागे म्हणजे आपलं टार्गेट १.६३०. सेमी ऑटो असेल तर ३ ते ५ थाउ सोडतात, कारण तिथे बोल्ट स्वतःच्या जोरावर बंद व्हायचा असतो, पुंगळी थोडी जरी घट्ट बसली तरी बोल्ट अर्धवट राहतो.

वंगण

रायफलची पुंगळी कोरडी डायमध्ये घातली की अडकलीच. पिस्तुलाच्या कार्बाइड डायमध्ये वंगण लागत नाही, पण ती सवय इथे आणू नका, बाटलीच्या आकाराच्या पुंगळीला डाय कुठलीही असो, वंगण लागतंच.

दोन पद्धती आहेत. मेणासारखं वंगण डबीत मिळतं, बोटाला किंचित घेऊन एकेका पुंगळीच्या बॉडीला चोळायचं, खालच्या भागाला नीट लागलं पाहिजे कारण जोर तिथेच येतो. किंवा लॅनोलिन आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, १ भागाला १० ते १२ भाग, स्प्रेच्या बाटलीत घालून हलवायचं, पुंगळ्या पिशवीत टाकून दोन-चार फवारे मारून घोळवायच्या. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं अल्कोहोल नको, त्यात पाणी असतं. आणि फवारल्यावर अल्कोहोल उडून जाईपर्यंत थांबायचं, पाचेक मिनिटं. ओल्याच पुंगळ्या घालणारे लोक नंतर विचारतात की अडकली कशी.

नेकच्या आत पण हलकं वंगण हवं, नाहीतर एक्स्पांडर बॉल बाहेर येताना किंचाळतो आणि शोल्डर पुढे ओढून आणतो, म्हणजे तुम्ही २ थाउ मागे नेलेला शोल्डर बॉलने परत पुढे आणून ठेवला. शोल्डरवर मात्र वंगण जास्त झालं की तिथे ते साठतं, जायला जागा नसते आणि पितळेत खड्डा पडतो. छोटा खड्डा पुढच्या फायरिंगला निघून जातो, पण दिसला की हात आखडता घ्या.

डाय बसवणं

शेल होल्डर लावा, रॅम पूर्ण वर. डाय फिरवत शेल होल्डरला टेकवा आणि मग चिठ्ठीच्या उलट करा, अर्धा फेरा वर घ्या. लॉक रिंग हलकीच बसवा.

फेऱ्याचं गणित डोक्यात ठेवा. डायचे आटे ७/८ इंच व्यासाचे आणि इंचाला १४, म्हणजे एक पूर्ण फेरा ७१ थाउ. एक-अष्टमांश फेरा ९ थाउ. १ थाउ म्हणजे साधारण ५ अंश, घड्याळाच्या तबकडीवर एका मिनिटापेक्षाही कमी. मार्करने डायवर आणि प्रेसवर एकेक रेघ मारून ठेवा म्हणजे किती फिरवलं ते डोळ्याला दिसेल.

वंगण लावलेली एक पुंगळी घाला, सावकाश वर न्या, खाली आणा, वंगण पुसा, मोजा. आणि आता एक गंमत होईल, आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला दिसेल. १.६३२ होतं ते १.६३४ किंवा त्याहूनही जास्त. घाबरू नका, कॅलिपर बरोबर आहे. डायने बॉडी सगळीकडून आत दाबली आणि डायचा शोल्डर अजून पुंगळीच्या शोल्डरपर्यंत पोचलाच नाही, मग ते दाबलेलं पितळ जाणार कुठे, ते वर सरकलं आणि शोल्डर पुढे गेला. ही पुंगळी रायफलमध्ये घातलीत तर बोल्ट बंद होणार नाही किंवा जोर लावून होईल. अर्धवट साइझिंग करून 'माझ्या रायफलला डाय सूट होत नाही' म्हणणाऱ्यांचं बऱ्याचदा हेच झालेलं असतं.

आता एक-अष्टमांश फेरा खाली, परत साइझ, परत पुसून मोजा. एका जागी आकडा वाढायचा थांबेल आणि उतरायला लागेल, तिथे डायचा शोल्डर भिडला. तिथून पुढे अगदी थोडं थोडं, ५-१० अंश. १.६३२... १.६३१... १.६३०. थांबा. हे करताना जमलं तर प्रत्येक वेळी नवी पुंगळी घ्या, त्याच त्या पुंगळीला पाच वेळा दाबलं की बॉडी आधीच बारीक झालेली असते आणि आकडा थोडा फसवा येतो.

लॉक रिंग आवळताना पुंगळी आत ठेवून रॅम वर दाबून धरा आणि मग आवळा. आट्यांमधली मोकळीक एका बाजूला बसलेली असते त्यामुळे सेटिंग हलत नाही. आवळल्यावर अजून दोन-तीन पुंगळ्या साइझ करून आकडा तपासा, आवळताना एखादा थाउ सरकतोच कधी कधी.

काही जणांच्या बाबतीत डाय शेल होल्डरला घट्ट टेकली तरी शोल्डर हवा तेवढा मागे जात नाही. चेंबर खूप टाइट असतं किंवा डाय किंचित उंच असते. तेव्हा आधी दुसरा शेल होल्डर लावून बघा. आणि उलटा त्रास असेल, म्हणजे डाय न टेकवता मधेच थांबवल्यामुळे प्रत्येक पुंगळीचा आकडा एक-दोन थाउ इकडेतिकडे येतोय, तर वेगवेगळ्या उंचीचे शेल होल्डर मिळतात, नेहमीच्यापेक्षा २, ४, ६, ८, १० थाउ उंच असे पाचांचे सेट. डाय घट्ट टेकवायची आणि बंप, म्हणजे शोल्डर मागे ढकलणं, किती ते होल्डर बदलून ठरवायचा. माझ्या मते पैसे वसूल आहेत, पण सुरुवातीलाच घ्यायची गरज नाही.

प्रत्यक्ष चालवताना

हँडल एका लयीत खाली, रॅम वर गेल्यावर दोन-तीन सेकंद थांबा, मग सोडा. पितळ स्प्रिंगसारखं परत येतं, थांबलं की थोडं कमी येतं आणि आकडे एकसारखे पडतात. हाताला जोर किती लागतोय याकडे लक्ष ठेवा, मध्येच एखादी पुंगळी जास्त जोर मागायला लागली तर तिथेच थांबा, वर ढकलू नका, खाली काढा आणि वंगण लावून परत घाला. पुढे रेटली की अडकते, आणि अडकलेली ओढली की शेल होल्डर कडा फाडून रिकामा खाली येतो.

अडकलीच तर डीकॅपिंग रॉड जमेल तेवढा वर सैल करून घ्या, प्रायमर पॉकेटमधून ड्रिल मारा, पाव इंची २० आट्यांचा टॅप मारा, वर एखादा स्पेसर ठेवून त्या आट्यांत स्क्रू घालून ओढून काढा. याचं किट तयार मिळतं. हातोडी मारून डाय खराब करण्यापेक्षा ते बरं.

फक्त नेक साइझ केली तर?

पूर्वी खूप चालायचं हे. फक्त नेक दाबायची, बॉडी आणि शोल्डरला हात लावायचा नाही, पुंगळी चेंबरला तंतोतंत बसते असा युक्तिवाद. काही फायरिंगनंतर ती एवढी तंतोतंत बसते की बोल्ट उचलताना मनगट दुखतं, मग फुल लेंथ करावंच लागतं, म्हणजे दर काही फेऱ्यांनी तुमचं ब्रास बदलतं. मी तरी दर वेळी फुल लेंथ करून २ थाउचाच बंप देण्याच्या बाजूचा आहे. ज्यांना नेक टेन्शन (बुलेटवरची नेकची पकड) हवं तसं ठेवायचंय त्यांनी बुशिंगवाली (नेकसाठी बदलता येणारी रिंग असलेली) फुल लेंथ डाय घ्यावी. बुलेट बसवलेल्या काडतुसाची नेक बाहेरून मोजा, समजा .३३६ आली, तर २ थाउ कमी म्हणजे .३३४ चं बुशिंग. झालं.

पुसणं, ट्रिमिंग

वंगण पुसून काढलंच पाहिजे, तेलकट पुंगळी चेंबरला पकडत नाही आणि बोल्टवर जास्त जोर येतो. अल्कोहोलच्या फडक्याने किंवा थोडा वेळ कोरड्या टंबलरमध्ये.

लांबी साइझ केल्यावर मोजायची, आधी नाही, कारण साइझिंगने पुंगळी लांब होते. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच, ट्रिम करायची २.००५ ला. .२२३ ला १.७६० आणि १.७५०, ६.५ क्रीडमूरला १.९२० आणि १.९१०. नेक जास्त लांब राहिली तर चेंबरच्या पुढच्या टोकाला जाऊन अडकते, तिथे तिला बाहेर फुगायला जागा नसते आणि बुलेट चिमट्यात धरल्यासारखी होते, दाब एकदम वाढतो. हा आकडा मनावर घ्या. ट्रिम केल्यावर आतून चॅम्फर, बाहेरून डीबर, फक्त धार जाईल एवढंच, सुरीसारखी पाती करायची नाहीये.

कडक झालेलं पितळ

पुंगळी फुगते, दाबली जाते, फुगते, दाबली जाते, आणि दर वेळी नेकचं पितळ थोडं कडक होतं. पुण्याच्या तांबट आळीत भांड्याला मठार करताना तांबट मध्ये मध्ये भांडं तापवून घेतो ना, ठोकून कडक झालेला धातू परत मऊ करायला, तेच इथे. वरणगाव किंवा खडकीसारख्या दारूगोळा कारखान्यात पितळेच्या वाटीपासून पुंगळी ओढतात तेव्हाही मधल्या टप्प्यांवर असंच तापवावं लागतं. आपल्या कामात याची खूण अशी की डाय हललेली नसताना बंपचे आकडे विखुरतात, कोणाचा १ थाउ, कोणाचा ४, कारण कडक पितळ जास्त उसळून परत येतं. पुढे नेकला चिरा जायला लागतात.

ॲनिलिंग, म्हणजे हेच तापवणं, फक्त नेक आणि शोल्डरचं. टॉर्चच्या ज्योतीत पुंगळी फिरवत काही सेकंद. किती सेकंद ते ज्योतीवर आहे, म्हणून ७५० डिग्री फॅरेनहाइटला वितळणारा तापमानदर्शक रंग नेकच्या आत लावून एकदा वेळ ठरवून घ्या. बूड गरम होता कामा नये, कुठल्याही परिस्थितीत. बूड मऊ पडलं तर ते दाब पेलणार नाही आणि तो गॅस तुमच्या तोंडाच्या दिशेने येईल. ओव्हनमध्ये सगळी पुंगळी भाजणारे महाभाग असतात, त्यांच्या शेजारच्या लेनमध्ये उभं राहू नका.

रायफलमध्ये तपासणं

शेवटी कॅलिपरपेक्षा रायफलचं ऐका. फायरिंग पिन आणि इजेक्टर काढलेला बोल्ट घ्या, रिकामी, प्रायमर नसलेली साइझ केलेली पुंगळी चेंबरमध्ये घाला आणि बोल्टचं हँडल सोडा. आपल्या वजनाने पडलं पाहिजे. साइझ न केलेली घातली तर मध्येच थांबतं, तो फरक एकदा हाताला समजला की पुढे आयुष्यभर उपयोगी. स्प्रिंगा न काढता केलंत तर त्यांचाच जोर लागतो आणि काही कळत नाही. कोणाला बोल्ट खोलायचा नसेल तर शांतपणे बंद करून अंदाज घ्या, तेही चालतं, पण तेवढं बारीक कळत नाही. आणि या वेळी टेबलवर एकही जिवंत काडतूस नको.

डब्यावर लिहून ठेवा, कुठली रायफल, कितवं फायरिंग, बंप किती, ॲनिल कधी केलं. दुसऱ्या रायफलमध्ये हे ब्रास गेलं तर सगळी मेहनत वाया, दोन .३०८ ची चेंबरं सारखी नसतात.

नवा प्रायमर बसवताना बोटाला जोर लागलाच नाही, सहज घसरत गेला, तर पॉकेट सैल झालंय आणि त्या पुंगळीला पुढे वापरायचं नाही, शोल्डर कितीही मस्त असला तरी. असल्या, आणि पेपरक्लिपवाल्या, दोन्ही पुंगळ्यांची तोंडं पक्कडीने लगेच चेपून टाका म्हणजे परत चुकून ढिगात येणार नाहीत. प्रायमर बसलेली असेल तर मात्र पक्कड लावायची नाही, आधी तिचं काय करायचं ते प्रायमरच्या कंपनीच्या सूचनेत बघा. भंगारवाले पितळ किलोवर घेतात, पण बऱ्याच ठिकाणी प्रायमर काढल्याशिवाय हातात घेत नाहीत.